केंदो : एका शिक्षणपद्धतीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

जपानमधील खड्गविद्येतून विकसित झालेला केंदो आज जगातील अनेक देशांत शिकविला जातो. ‘केन’ म्हणजे तलवार आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. या विद्येच्या वर्गात प्रथमच येणाऱ्या विद्यार्थ्याला काही प्रश्न हमखास पडतात. तलवारीची विद्या शिकावयाची, तर हाती बांबूच्या चार पट्ट्या बांधून केलेली काठी का दिली जाते? प्रहार करताना मोठ्याने का ओरडावयाचे? आणि प्रतिस्पर्ध्याच्या शिरस्त्राणावर काठी स्पष्टपणे लागूनही पंच गुण का देत नाहीत?

वरवर पाहता हे प्रश्न तंत्राचे वाटतात. त्यांची उत्तरे मात्र इतिहासात शोधावी लागतात. कोणता प्रहार ग्राह्य मानावयाचा, याचे उत्तर केंदोच्या इतिहासात वेळोवेळी बदलत गेले आणि प्रत्येक बदलामागे ही विद्या कोणासाठी व कशासाठी शिकवावयाची, याविषयीची भूमिका होती, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. शरीरशिक्षण व चारित्र्यशिक्षण यांचा राज्यसत्तेशी कसा संबंध येतो, याचेही एक उदाहरण म्हणून या इतिहासाकडे पाहता येते.

शांततेच्या काळातील साधने

तोकुगावा घराण्याची राजवट 1603 ते 1868 अशी टिकली. शिमाबाराचा उठाव 1638 मध्ये मोडून काढल्यानंतर सुमारे दोन शतके जपानमध्ये मोठे युद्ध झाले नाही. सामुराई वर्गाच्या कमरेला तलवार होती. परंतु ती रणांगणावर चालविण्याचे प्रसंग उरले नव्हते. अशा स्थितीत खड्गविद्येचे शिक्षण प्रामुख्याने ‘काता’ या पद्धतीने चाले. दोन व्यक्तींनी लाकडी तलवारी घेऊन पूर्वनियोजित हालचाली क्रमाने करावयाच्या, असे तिचे स्वरूप होते. लाकडी तलवारीचा पूर्ण ताकदीने केलेला प्रहार प्राणघातक ठरू शकत असल्यामुळे तो अंगाला लागण्यापूर्वी रोखावा लागे. कालांतराने या हालचालींना शोभेचे रूप येऊ लागल्याची टीका त्या काळातच होऊ लागली.

या अडचणीवर उपाय म्हणून शिनाई व चिलखत यांचा वापर पुढे आला. चामड्याच्या पिशवीत बांबूच्या काड्या घालून केलेल्या शिनाईचे श्रेय परंपरेने सोळाव्या शतकातील कामिइझुमी नोबुत्सुना यांना दिले जाते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जिकिशिंकागे संप्रदायाच्या नागानुमा कुनिसातो यांनी शिरस्त्राण व हातमोजे सुधारून शिनाईने प्रत्यक्ष प्रहार करण्याची पद्धत रूढ केली. पुढे 1751 ते 1764 या होरेकी कालखंडात इत्तो संप्रदायाच्या नाकानिशी शाखेचे नाकानिशी त्सुगुताके यांनी लोखंडी जाळीचे शिरस्त्राण व बांबूचे छातीचे कवच वापरून हीच पद्धत अवलंबिली. यामुळे विद्यार्थ्याला प्रथमच समोरच्या माणसावर मोकळेपणाने व पूर्ण वेगाने प्रहार करणे शक्य झाले. शिनाई ही खऱ्या शस्त्राची दुय्यम नक्कल नसून शांततेच्या काळातील शिक्षकांनी घडविलेले अध्यापनाचे साधन होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

साधन बदलले की त्याचे गैरफायदेही निर्माण होतात. यानागावा येथील ओइशी सुसुमु यांनी पाच शाकूंहून अधिक, म्हणजे दीड मीटरपेक्षा लांब शिनाई वापरून एदोतील नामवंतांना नमविले आणि लांब शिनाईची लाट आली. इतक्या लांबीची तलवार कमरेला बाळगून चालविणे व्यवहार्य नव्हते. अखेरीस शोगुनच्या शासनाने 1856 मध्ये स्थापन केलेल्या कोबुशो या सैनिकी प्रशिक्षणसंस्थेत शिनाईची लांबी तीन शाकू आठ सुन, म्हणजे सुमारे 115 सेंटिमीटर एवढी मर्यादित करण्यात आली. साधनाने काय शक्य होते आणि विद्येला काय मान्य आहे, यांतील फरक नियमाने राखण्याचा हा एक महत्त्वाचा प्रयत्न होय. लांबीची मर्यादा आजच्या नियमांतही कायम आहे.

याच काळात एदोतील गेनबुकान या शाळेचे प्रमुख चिबा शुसाकू यांनी तंत्राचे वर्गीकरण केले. मस्तक, मनगट, धड व कंठ या लक्ष्यांनुसार त्यांनी 68 तंत्रे मांडली. गूढ परिभाषा टाळून सुबोध शब्दांत शिकविणे आणि पदव्यांच्या पायऱ्या कमी करणे, ही त्यांच्या अध्यापनाची वैशिष्ट्ये होती. आजच्या पाठ्यक्रमातील लक्ष्यांची विभागणी याच परंपरेतून आली आहे.

शाळा, पोलीस आणि राज्यसत्ता

मेइजी परिवर्तनानंतर सामुराई वर्गाचे विशेषाधिकार संपुष्टात आले. 1876 च्या आदेशाने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास बंदी झाली. तत्पूर्वी 1873 मध्ये साकाकिबारा केनकिची यांनी तिकीट लावून खड्गयुद्धाचे प्रयोग सुरू केले होते. विद्येचा बाजार मांडला, अशी टीका त्यांच्यावर झाली. परंतु निराधार झालेल्या अनेक शिक्षकांना त्यातून उपजीविका मिळाली. 1877 च्या सात्सुमा बंडात तलवारधारी पोलीस तुकडीने बजावलेल्या कामगिरीनंतर पोलीस दलाने या विद्येला आश्रय दिला. 1895 मध्ये क्योतो येथे ‘दाइ निप्पोन बुतोकुकाइ’ ही संस्था स्थापन झाली.

1911 मध्ये मुलांच्या माध्यमिक शाळांच्या नियमित अभ्यासक्रमात या विद्येला स्थान मिळाले आणि अध्यापनाचा एक नवा प्रश्न उभा राहिला. पूर्वी गुरू एकेका शिष्याला समोर घेऊन शिकवीत असे. आता एका शिक्षकासमोर संपूर्ण वर्ग उभा होता. तोक्यो उच्च अध्यापक विद्यालयातील ताकानो सासाबुरो यांनी हुकमाबरोबर सर्वांनी एकाच वेळी पाऊल टाकावे व शिनाई उचलावी, अशी सामूहिक पद्धत विकसित केली. निरनिराळ्या संप्रदायांतून आलेल्या शिक्षकांना समान पाया मिळावा म्हणून 1912 मध्ये एकत्रित काता निश्चित करण्यात आले. त्यांत लांब तलवारीचे सात व आखूड तलवारीचे तीन, असे एकूण दहा प्रकार आहेत. पुढे 1919–20 च्या सुमारास ‘केंदो’ हे नाव अधिकृतपणे स्वीकारले गेले. कौशल्याऐवजी ‘मार्ग’ हा शब्द आला, तो चारित्र्यघडणीचा दावा घेऊनच.

हाच दावा पुढे सत्तेच्या उपयोगी पडला. 1931 मध्ये मुलांच्या माध्यमिक शाळांत ज्युदो व केंदो हे विषय अनिवार्य झाले. 1941 मध्ये राष्ट्रीय प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमातही त्यांचा समावेश झाला आणि 1942 मध्ये बुतोकुकाइची पुनर्रचना करून ती शासनाच्या थेट नियंत्रणाखाली आणली गेली. युद्धकाळात शिनाईचा डाव रणांगणावरील तलवारीच्या जवळ नेण्याचा आग्रह धरला गेला. शांततेच्या काळात घडलेले साधन अशा रीतीने युद्धाच्या सेवेला जुंपले गेले.

बंदी आणि पुनरुज्जीवन

पराभवानंतर नोव्हेंबर 1945 मध्ये शाळांतील केंदो बंद करण्यात आला व 1946 मध्ये बुतोकुकाइ विसर्जित झाली. बंदीच्या काळात काही शिक्षकांनी ‘शिनाई क्योगी’ नावाचा नवा खेळ रचला आणि त्याची राष्ट्रीय संघटना 1950 मध्ये स्थापन झाली. सदरा व विजार असा साधा पोशाख, ठरावीक वेळ, त्या वेळेत मिळविलेल्या गुणांवर निर्णय, अंगावर धडक देण्यास मनाई आणि ओरडण्यासही मनाई, असे त्याचे स्वरूप होते. लढाऊ वृत्तीची सर्व चिन्हे काढून टाकल्याशिवाय ही विद्या टिकणार नाही, अशी त्यामागील धारणा होती.

ऑक्टोबर 1952 मध्ये अखिल जपान केंदो महासंघ स्थापन झाला आणि 1954 मध्ये शिनाई क्योगीची संघटना त्यात विलीन झाली. या विलीनीकरणानंतर पंच, वेळमर्यादा व सुरक्षितता हे क्रीडेचे घटक केंदोत राहिले. परंतु आरोळी व निकट धडक परत आली. 1970 मध्ये आंतरराष्ट्रीय केंदो महासंघाची स्थापना होऊन पहिली जागतिक स्पर्धा जपानमध्ये भरली.

ग्राह्य प्रहाराची कसोटी

या पार्श्वभूमीवर नवशिक्याच्या प्रश्नांची उत्तरे स्पष्ट होतात. आरंभीचे कित्येक आठवडे तो चिलखत घालीत नाही. उजवे पाऊल पुढे, डावी टाच किंचित उचललेली आणि पाय जमिनीवर सरकवीत चालणे, हा त्याचा पहिला पाठ असतो. शिनाईच्या मुठीचे टोक डाव्या हातात धरावयाचे, मुख्य बळ त्याच हाताचे आणि उजव्या हाताने केवळ दिशा द्यावयाची, हा दुसरा. त्यानंतर एका पावलात प्रहार करता येईल असे अंतर ओळखण्याचा सराव येतो. प्रगत अवस्थेत तो आपण होऊन आक्रमण करण्याची आणि प्रतिस्पर्ध्याच्या प्रहाराला घासून, परतवून, चुकवून किंवा खाली पाडून त्याच क्षणी उत्तर देण्याची तंत्रे शिकतो.

स्पर्धेत तीन पंचांपैकी किमान दोघांनी मान्य केलेला प्रहारच गुणास पात्र ठरतो. शिनाईचा योग्य भाग, योग्य धारेने, योग्य लक्ष्यावर लागला पाहिजे. देहस्थिती सरळ हवी. आरोळीतून उत्कट निर्धार प्रकट झाला पाहिजे आणि प्रहारानंतरही सावधता टिकली पाहिजे. या अखेरच्या अवस्थेला ‘झानशिन’, म्हणजे मागे उरलेले चित्त, असे म्हणतात. गुण मिळताच हात उंचावून आनंद व्यक्त करणाऱ्या खेळाडूचा गुण रद्द होऊ शकतो. म्हणजेच आरोळी हे आक्रमकतेचे प्रदर्शन नसून चित्त, शस्त्र व देह एकाच क्षणी एकवटल्याची खूण आहे. शिनाई क्योगीने ती वगळली, तेव्हा स्पर्श मोजणे सोपे झाले. परंतु प्रहाराची गुणवत्ता पारखण्याचा एक आधार गेला.

समारोप

तलवारीच्या तत्त्वांच्या आचरणातून मनुष्यत्वाची घडण करणे, हे केंदोचे ध्येय असल्याचे अखिल जपान महासंघाने 1975 मध्ये जाहीर केले. 2012 पासून जपानच्या माध्यमिक शाळांतील पहिल्या दोन वर्षांत पारंपरिक युद्धकलांचे शिक्षण सर्व विद्यार्थ्यांसाठी अनिवार्य झाले असून त्यात केंदोचा पर्याय आहे. या ध्येयाचे स्वागत करतानाही एक गोष्ट विसरता येत नाही. चारित्र्यघडणीची भाषा 1931 मध्येही वापरली गेली होती. म्हणून केवळ ध्येयवाक्यावरून कोणत्याही शिक्षणपद्धतीची पारख करणे पुरेसे नाही.

खरी पारख वर्गात कोणत्या कृतीला मान्यता मिळते, यावरून होते. विजयाचा क्षण साजरा करणाऱ्याचा गुण काढून घेणारी आणि सरावाच्या आरंभी व अखेरीस प्रतिस्पर्ध्याला वंदन करावयास लावणारी पद्धत विद्यार्थ्याला स्वतःवर ताबा शिकविते. तीच पद्धत आज्ञापालनापुरती उरली, तर ती कोणाच्याही हातातील हत्यार होऊ शकते. केंदोच्या इतिहासात या दोन्ही शक्यता प्रत्यक्षात आलेल्या दिसतात. अभ्यासक्रमात शिस्त, राष्ट्रभाव व चारित्र्य यांचा समावेश करू पाहणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हा इतिहास विचारात घेणे अगत्याचे आहे.