झिग्बी मॉड्यूलचे दोन पत्ते

झिग्बी या बिनतारी जाळ्यातल्या प्रत्येक मॉड्यूलला दोन पत्ते असतात. त्यांची गल्लत झाली, तर पुढचे काहीच नीट लागणार नाही. ६४ बिटांचा पत्ता कारखान्यातच पक्का होतो. त्यातले पहिले २४ बिट उत्पादक कोण ते सांगतात. एक्सबी या जातीच्या मॉड्यूलच्या पाठीवर तो छापलेलाही असतो. १६ बिटांचा पत्ता मात्र जाळ्यात सामील होताना मिळतो, आणि मॉड्यूल बाहेर पडून पुन्हा आले की तो बदलू शकतो. जाळे सुरू करणाऱ्या मॉड्यूलचा, म्हणजे समन्वयकाचा, तेवढा कायम शून्य. म्हणून प्रोग्राममध्ये नोंदवायचा तो ६४ बिटांचाच. छोट्या पत्त्यावर विसंबलेली यंत्रणा एखाद्या दिवशी अचानक मुकी होते.

जाळ्यात कोणकोणती मॉड्यूल आहेत हे शोधण्यासाठी एक्सबीत ‘एनडी’ ही आज्ञा आहे. ती जाळ्यातल्या सर्वांना हाक घालते. ऐकणारे मॉड्यूल आपले दोन्ही पत्ते आणि वापरकर्त्याने दिलेले नाव कळवते, तेही थोडा यादृच्छिक वेळ थांबून, म्हणजे उत्तरे एकमेकांवर आदळत नाहीत. ठरलेल्या मुदतीत जी उत्तरे पोचली, त्यांचीच यादी बनते. बॅटरीवर चालणारे मॉड्यूल त्या वेळी झोपेत असेल, तर धडधाकट असूनही त्याचे नाव यादीत दिसेलच असे नाही.