बटाट्याशिवाय बटाट्याचं आम्लेट

गेल्या वर्षी माझे ट्रायग्लिसराइड्स २४० आले. वय २८, दिवसभर खुर्चीत बसून कोडिंग, रात्री बाहेरून मागवलेलं जेवण. बाबांनी माझ्या वयात कधी रक्त तपासलंच नव्हतं. बावन्नाव्या वर्षी थेट अँजिओप्लास्टी झाली. त्यामुळे डॉक्टर म्हणाले ‘तेल-साखर कमी करा’, तेव्हा मी मुकाट्याने मान डोलावली.

पंचाईत अशी की त्याच सुमारास मला स्पॅनिश तापासचा नाद लागला होता. ‘तापा’ म्हणजे झाकण. दारूच्या पेल्यावर पावाचा किंवा मांसाचा काप झाकण म्हणून ठेवायचे, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. यावर राजेरजवाड्यांच्या आख्यायिका भरपूर आहेत. आज तापास म्हणजे बारमध्ये पेयासोबत येणाऱ्या छोट्या बश्या. त्यातली माझी लाडकी तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं जाड आम्लेट. बटाट्याचे काप भरपूर ऑलिव्ह तेलात मंद आचेवर शिजवायचे, निथळायचे आणि फेटलेल्या अंड्यात मुरवायचे.

मी यातलं तेलच काढलं. बटाटे कुकरमध्ये वाफवले. कांदा एक चमचा तेलात झाकण ठेवून मऊ केला. दोन्ही चार अंड्यांत दहा मिनिटं मुरवून नॉनस्टिक तव्यावर ओतलं आणि ताटली पालथी घालून उलटलं. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी. चौघांत वाटल्या तर काहीच नाही. ‘हेल्दी व्हर्जन’ जमलं म्हणून मी खूश होतो.

मग या पदार्थाचा इतिहास वाचायला घेतला आणि खुशी जरा ओसरली.

तोर्तियाचा एक जुना उल्लेख १८१७चा आहे. उत्तर स्पेनमधल्या नवार्राच्या विधिमंडळाला कुणीतरी निनावी अर्ज पाठवला होता. शेतकऱ्यांचे हाल सांगताना त्यात लिहिलंय की, बायका दोन-तीन अंड्यांत बटाटा मिसळून पाच-सहा माणसांचं भागवतात. म्हणजे बटाटा आला तो अंडी पुरवायला.

१९३६ ते १९३९ स्पेनमध्ये यादवी युद्ध झालं. त्यानंतर आलेलं रेशनिंग १९५२पर्यंत टिकलं. ऑलिव्हच्या बागांनी भरलेल्या देशात तेल कार्डावर मिळायचं आणि काळ्या बाजारात महाग विकलं जायचं. इग्नासी दोमेनेक या नामांकित स्वयंपाक्याचं ‘कोसिना दे रेकुर्सोस’ हे पुस्तक १९४१मध्ये आलं. हाताशी असेल त्यात भागवायचा स्वयंपाक. त्यात एक कृती आहे : बटाटे आणि अंडी न घालता केलेली बटाट्याची तोर्तिया! संत्र्याच्या सालीचा आतला पांढरा भाग भिजवायचा, तो बटाटा. पीठ, पाणी आणि खायचा सोडा कालवायचा, ते अंडं.

ही कृती मी दोनदा वाचली. आम्ही प्रोग्रॅमर लोक चाचणीसाठी खोटा डेटा भरतो, तसा इथे सगळा पदार्थच खोट्या घटकांवर चालवलाय. फरक इतकाच की हे खरोखर पोटात जाणार होतं. त्या घरांना अंड्याची चव नसली तरी ताटात तोर्तिया दिसायला हवी होती. आणि मी अंडी, बटाटे, तेल सगळं फ्लॅटमध्ये असताना ‘कमी तेलाचं’ म्हणून मिरवत होतो.

मी तेल मोजणं सोडलेलं नाही. बाबांची छाती धरलेली मूर्ती अजून डोळ्यांसमोर आहे. तीन महिन्यांनी रिपोर्ट १६० आला. फक्त ‘हेल्दी व्हर्जन’ हा शब्द आता सहज तोंडात येत नाही.

गेल्या महिन्यात बीडहून आजी आली होती. मी चमच्याने तेल मोजतोय हे ती ओट्याशी उभी राहून बघत होती. तिने १९७२चा दुष्काळ बघितलाय.

“आमीबी असंच मोजून घालायचो,” ती म्हणाली. “पर आमाला डाक्टरनं नव्हतं सांगितलं.”

मग तिने तोर्तियाचा तुकडा मोडला, खाल्ला आणि मीठ मागितलं.