आयटी मॅनेजर नेमकं काय काम करतो? तळेगाव-लोणावळ्याच्या उदाहरणांसह

आयटी मॅनेजर म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांचा साहेब, असं बऱ्याच जणांना वाटतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि मावळातल्या एका कारखान्याच्या आयटी विभागात लागेपर्यंत मलाही साधारण तसंच वाटायचं. हे पद नेमकं काय आहे, त्यात कोणते शब्द आणि नियम येतात, ते आपल्या भागातल्या उदाहरणांवरून समजून घेऊ.

आयटी मॅनेजर म्हणजे कोण?

कंपनीतले सर्व्हर, नेटवर्क, सॉफ्टवेअर, डेटा आणि हे सगळं सांभाळणारी टीम यांची जबाबदारी ज्या व्यक्तीवर असते, ती आयटी मॅनेजर. बजेट करणं, लायसन्स आणि एएमसी वेळेवर रिन्यू करणं, नवीन खरेदी, कोणाला कुठला ॲक्सेस द्यायचा हे ठरवणं ही रोजची कामं. तारखांवरही लक्ष ठेवावं लागतं. उदाहरणार्थ, विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनचं काय करायचं, याचं बजेट त्याच्या बरंच आधी मांडावं लागतं.

पण कामाचा गाभा दोन प्रश्नांत आहे. सिस्टीम किती वेळ बंद राहिली तर चालेल? आणि किती डेटा गेला तर चालेल?

आरटीओ आणि आरपीओ

इथे आरटीओ म्हणजे लायसन्स काढायचं ऑफिस नाही!

- आरटीओ: बंद पडलेली सिस्टीम जास्तीत जास्त किती वेळात परत सुरू झाली पाहिजे.
- आरपीओ: जास्तीत जास्त किती वेळाचा डेटा गेलेला चालेल. बॅकअप रात्री २ वाजता होतो आणि सर्व्हर संध्याकाळी ५ ला गेला, तर १५ तासांचं काम गेलं.

हे आकडे जागेप्रमाणे बदलतात. लोणावळ्यातल्या हॉटेलला मंगळवारी दोन तास सिस्टीम बंद राहिली तर निभावतं. पावसाळ्यातल्या शनिवारी रिसेप्शनसमोर रांग लागलेली असताना वीस मिनिटंही जड जातात. तळेगावच्या एमआयडीसीत बिलिंग थांबलं तर ट्रक गेटवर उभे राहतात, कारण ५० हजारांवरचा माल राज्याबाहेर न्यायला ई-वे बिल लागतं. म्हणून हे आकडे मॅनेजरने एकट्याने ठरवायचे नसतात. स्टोअर, अकाउंट्स, डिस्पॅच यांना विचारायचं आणि मालकाकडून मंजूर करून घ्यायचं.

मावळात काय वेगळं?

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्यात लाईट जाणं, विजा, दमट हवा, रस्ता खोदताना फायबर तुटणं हे सगळं गृहीत धरावं लागतं. शनिवार-रविवारी घाटात ट्रॅफिक तुंबलं की मुंबईहून निघालेला इंजिनिअर कधी पोहोचेल, सांगता येत नाही. म्हणून जादा स्विच, यूपीएसच्या चांगल्या बॅटऱ्या आणि दुसऱ्या कंपनीची इंटरनेट लाइन इथेच असावी लागते.

आमच्याकडे काय झालं?

एका जुलैत दुपारी लाईट गेली. जनरेटर सुरू व्हायच्या आत यूपीएसने मान टाकली आणि सर्व्हर धाडकन बंद झाला. डेटाबेस खराब झाला. मी निर्धास्त होतो, कारण 'बॅकअप यशस्वी' असा मेल रोज येत होता. पण तीन आठवड्यांपूर्वी जागा कमी पडली म्हणून मीच डेटाबेस नवीन ड्राइव्हवर हलवला होता आणि बॅकअपच्या यादीत ती ड्राइव्ह घालायला विसरलो होतो. बॅकअप रोज यशस्वी होत होता, जुन्या फोल्डरचा!

तीन आठवड्यांचा डेटा वॉचमनच्या आवक-जावक रजिस्टरवरून आणि चलनाच्या कॉप्यांवरून परत भरावा लागला. सहा दिवस गेले. स्टोअरची माणसं रात्री उशिरापर्यंत आमच्याबरोबर बसली.

वरच्या मीटिंगमध्ये माझं नाव येणार हे मी धरून चाललो होतो. आमचे मॅनेजर सर एवढंच म्हणाले, "बॅकअप घेतला, पण रिस्टोअर करून पाहिला नाही. ही माझी चूक." बाहेर आल्यावर मला म्हणाले, "आता दर महिन्याला रिस्टोअर तू करायचा आणि मला दाखवायचं." मॅनेजरचं काम काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

लक्षात ठेवायचे नियम

- ३-२-१ बॅकअप: डेटाच्या तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक कॉपी दुसऱ्या जागी. आणि महिन्यातून एकदा प्रत्यक्ष रिस्टोअर.
- बदलाची नोंद: सर्व्हरवर काहीही हलवलं तर कोणी, कधी, का आणि त्यामुळे आणखी काय बदलावं लागेल, हे लिहायचं. आमच्याकडे एवढी एक ओळ असती तर पुढचं टळलं असतं.
- सर्ट-इनचे निर्देश: २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात.
- वैयक्तिक डेटा: हॉटेलात घेतलेली पाहुण्यांची आधारची कॉपीही वैयक्तिक डेटाच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.
- कागदाची तयारी: १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कोरे फॉर्म आणि रजिस्टर तयार ठेवण्यात कमीपणा नाही.

या पदावर कसं जायचं?

बीई, बीटेक किंवा एमसीएनंतर सपोर्ट, नेटवर्क किंवा डेव्हलपमेंटमध्ये काही वर्षं काढून बरेच जण इथे पोहोचतात. आयटीआयएल आणि आयएसओ २७००१ ची माहिती उपयोगी पडते. पण सुरुवात आजही करता येईल. तुमच्या ऑफिसचा बॅकअप शेवटचा कधी रिस्टोअर करून पाहिला, एवढं विचारा. उत्तरात तारीख आली नाही, तर पहिलं काम तेच.