शाळेत शहाणी, घरी द्वाड

पालकसभेत बाई सांगतात, “तुमची मुलगी एकदम गुणी. एका शब्दाने उलट बोलत नाही.” आई चाट पडते. कारण हीच सात वर्षांची मुलगी घरी आल्या आल्या दप्तर भिरकावते, युनिफॉर्म बदल म्हटलं की भोकाड पसरते, भाताला वरण लागलं म्हणून ताट सरकवते. मग ठरलेला निवाडा येतो, कधी बाईंकडून, बहुतेकदा घरातल्याच वडीलधाऱ्यांकडून: शाळेत नीट वागता येतं ना, मग घरी का नाही? आईनेच लाडावून ठेवलंय! हा निवाडा चुकीचा आहे, आणि आयांवर अन्याय करणाराही.

त्यातलं खरं आधी मान्य करू. शाळेत घंटा असते, वेळापत्रक असतं, नियम सगळ्यांना सारखे असतात. घरी आई नको म्हणते आणि बाबा मोबाइल हातात देतात. सातत्याने मूल सावरतं, यात शंका नाही. पण त्यावरून शाळेतलं मूल खरं आणि घरातलं बिघडलेलं, हे कसं ठरतं? स्वभाव सगळीकडे सारखाच दिसला पाहिजे, हे इथे न तपासता गृहीत धरलेलं आहे. अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे या संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांचा प्रामाणिकपणा निरनिराळ्या प्रसंगांत तपासला आणि १९२८ साली निष्कर्ष मांडले. एका ठिकाणी लबाडी करणारं मूल दुसऱ्या ठिकाणीही ती करीलच, असं काही त्यांना आढळलं नाही. पुढे १९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ थॉमस आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या वर्तनावरचे ११९ अभ्यास एकत्र तपासले. आई आणि वडील अशी मुलाला एकाच जागी पाहणारी माणसं घेतली, तर त्यांची मतं बऱ्यापैकी जुळत होती, सरासरी सहसंबंध ०.६० (१ म्हणजे पूर्ण जुळणी). पालक आणि शिक्षक अशी वेगवेगळ्या जागी मूल पाहणारी माणसं घेतली, की हा आकडा ०.२८ वर उतरत होता. तफावत इतकी सर्रास असेल, तर तिचं खापर एकेका आईच्या डोक्यावर कसं फोडायचं?

त्या मुलीचा दिवस जरा जवळून पाहा. शू लागली तर परवानगी मागायची, उत्तर येत असलं तरी हात वर करून थांबायचं. शेजारच्याने खोडरबर पळवलं तरी किंचाळायचं नाही. स्वतःला आवरण्याची ताकद या वयात अजून घडत असते. ती पाच-सहा तास सतत वापरली जाते. मग दप्तर भिरकावलं जातं ते तिथेच, जिथे रागावलं तरी कुणी आपल्याला टाकणार नाही याची खात्री असते. आईच्या वाट्याला येणारा तो थयथयाट हा माझ्या मते बहुतेक वेळा विश्वासाचाच पुरावा असतो. ताट सरकवू नये हे तिला सांगायचंच, पण पोटात चार घास गेल्यावर.

याच्या उलट, घरी अखंड बडबडणारं आणि वर्गात तोंड न उघडणारं मूल मला जास्त काळजीचं वाटतं. ते कुणाला त्रास देत नाही, म्हणून ‘शांत’ शेरा मिळवून मागे राहतं. कधी घरची बोली वेगळी असते, कधी वर्गाची भीती. शाळा सुरू होऊन महिना उलटला तरी ते घरी बोलतं आणि शाळेत अजिबातच नाही, असं असेल तर बालमानसतज्ज्ञाला दाखवावं. त्याला हट्टी म्हणून बोलतं करायला धाक घालू नये.

घर आणि शाळा यांतलं हे अंतर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ओळखलं होतं. १९४५ मध्ये बोर्डी गावात त्यांचं बालशिक्षणाचं काम सुरू झालं, तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीकडे फिरकेनात. त्यांनी मुलांना नावं ठेवली नाहीत. बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली.

आजच्या पालकसभेत एवढं तरी व्हावं: घरी आल्यावर मुलगी पहिल्यांदा काय करते हे बाईंनी विचारावं, आणि मधल्या सुट्टीत ती कुणाबरोबर डबा खाते हे आईने.