वाट वाकडी करून

मार्च 1858. तुम्ही झाशीच्या तटावर उभे आहात. समोर इंग्रजांच्या तोफेचा भडका उडतो. एक, दोन, तीन... मग धडाका कानावर आदळतो. म्हणजे तोफ किलोमीटरभर लांब. भडका आणि धडाका यांतलं हे अंतर लक्षात ठेवा आणि थेट डिसेंबर 1977 मध्ये या.

बहारीनहून सिंगापूरला निघालेल्या कॉन्कॉर्डमध्ये तुमची खिडकीची जागा आहे. खिडकी कसली, तळहाताएवढा झरोका! समोरच्या पाटीवर आकडा चढतोय: माख 2, ध्वनीच्या दुप्पट वेग. 2.04 च्या पुढे वैमानिक नेणार नाही. इंजिनात दम आहे, पण नाकापुढे दाबली जाणारी हवा तापते. बाहेर उणे 56 अंश, तरी नाकाचं टोक 127 वर. याहून तापलं तर अॅल्युमिनियमचं अंग हळूहळू कमजोर होईल. उष्णतेने विमान वीतभर लांबलंय. कॉकपिटमध्ये इंजिनियरच्या पॅनेलशेजारी फट पडलीय, तिच्यात टोपी सहज मावते.

उंचीची मर्यादा 60,000 फूट. 63,000 च्या आसपास हवेचा दाब इतका उतरतो, की अंगाच्या उष्णतेनेच पाणी उकळावं. खिडकी फुटलीच, तर हवा सावकाश निसटावी आणि तेवढ्यात विमान झपाट्याने खाली आणता यावं, म्हणून हे झरोके.

पृथ्वीच्या गोलावर बहारीन ते सिंगापूर सरळ रेघ ओढा: दापोली-श्रीवर्धनकडचा किनारा, सातारा, विजापूर. बरोबर याच वाटेवर, दोन्ही अंगांना मैलोन्‌मैल, तोफेच्या भडक्यामागून धडाका यावा तसा, विमानामागून गडगडाट जमिनीवर आदळला असता. एक कुजबुजही घुमवणाऱ्या विजापूरच्या गोल घुमटात त्याचं काय झालं असतं, कोण जाणे! भारताने आपल्या जमिनीवरून ध्वनीहून जास्त वेगाला परवानगी नाकारली आणि माझ्या मते बरंच केलं. एअर इंडियाने दोन कॉन्कॉर्डसाठी हक्क राखून ठेवला होता, तोही 1975 मध्ये सोडला.

तुमचं विमान आता समुद्रावरून दक्षिणेला वळसा घालतंय. इंधन जळतंय, वेळ जातोय. तीनच फेऱ्यांनंतर मलेशियाही आपलं आकाश बंद करणार आहे. 1979 मध्ये ही सेवा पुन्हा सुरू होईल आणि पुढच्याच वर्षी कायमची थांबेल.