पत्र्याचं घर, रिव्हेटची शिवण

उन्हाळ्यात इथल्या हायवेवरून गाडी चालवली की दर चार-पाच मैलांवर एखादं घर ओव्हरटेक करावं लागतं. अतिशयोक्ती नाही, घरच. गाडीच्या मागे जोडलेला ट्रॅव्हल ट्रेलर. आत पलंग, शेगडी, मोरी, संडास, सगळं. आपल्याकडून आलेल्या पाहुण्यांना त्याच्या आतल्या सोयींचं फार कौतुक वाटतं. मला मात्र त्याच्या बाहेरच्या कातडीचं कुतूहल आहे. झाडाची फांदी पडली, गॅरेजचा खांब घासला, गारा पडल्या, तर त्या पत्र्याचं काय करायचं? या साध्या प्रश्नाचं उत्तर गेल्या नव्वद-शंभर वर्षांत तीन-चार वेळा बदललं. ते कसं बदललं ते लिहितो आहे. (घरच्या मंडळींनी रिव्हेटचा भाग वाटल्यास गाळावा. पण गाळू नये.)

सुरुवात पत्र्यानं झालीच नव्हती. डेट्रॉइटच्या आर्थर शर्मन नावाच्या गृहस्थांनी १९२९ मध्ये घरच्यांना सहलीला नेण्यासाठी तंबूचा ट्रेलर घेतला. पाऊस आला आणि तंबू काही वेळेत उभा राहिला नाही. हे शर्मन पेशानं जंतुशास्त्रज्ञ, सुतार नव्हेत. त्यांनी चाकांवर एक सरळसोट खोकाच बांधून घेतला, तोही मॅसोनाइटचा. मॅसोनाइट म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे वाफेनं फुलवून, दाबून केलेले तक्ते. १९३० च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात त्यांनी तो मांडला आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत त्यांची 'कव्हर्ड वॅगन' कंपनी अमेरिकेतली सर्वांत मोठी ट्रेलर कंपनी झाली. या खोक्याची दुरुस्ती सोपी होती. तक्ता फुगला, कोपरा फुटला, की गावातल्या लाकडाच्या वखारीतून नवा तक्ता आणायचा, कापायचा, ठोकायचा, रंग द्यायचा. करवत चालवता येणारा कोणीही हे करू शकत होता. अडचण एकच, दोन पावसाळ्यांनी पुन्हा तेच!

पत्रा आणला तो विमानवाल्यांनी. हॉली बौलस हा कॅलिफोर्नियातला ग्लायडर बांधणारा माणूस. लिंडबर्गनं १९२७ मध्ये ज्या विमानातून एकट्यानं अटलांटिक ओलांडला, ते 'स्पिरिट ऑफ सेंट लुई' सॅन डिएगोच्या रायन कंपनीत बांधलं गेलं, तेव्हा तिथल्या कारखान्यात बौलस देखरेखीला होता. याच माणसानं १९३४ मध्ये 'रोड चीफ' नावाचा ट्रेलर केला. ग्लायडरची शेपटी आणि पंख कापून टाकावेत आणि उरलेल्या धडाला चाकं लावावीत, तसा तो दिसतो. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, तोही रिव्हेट मारून जोडलेला. दार मात्र त्यानं पुढच्या बाजूला, नेमकं गाडीला जोडायच्या दांड्यावर ठेवलं. म्हणजे घरात शिरायचं तर दांडा ओलांडून. हुशार माणसं कधी कधी असं काहीतरी करतात.

बौलसचा धंदा फार टिकला नाही. त्याचे ट्रेलर विकणारा वॉली बायम मात्र टिकला. बायमनं आधी स्वतः ट्रेलरचे नकाशे विकले होते, लाकडाचे ट्रेलर बांधलेही होते. १९३६ मध्ये त्यानं 'एअरस्ट्रीम क्लिपर' बाजारात आणला. मूळ कल्पना बौलसचीच, पण दार कडेला! किंमत १२०० डॉलर, मंदीच्या काळात ही रक्कम लहान नव्हती. नाव घेतलं पॅन अमेरिकन कंपनीच्या समुद्रावर उतरणाऱ्या 'क्लिपर' विमानांवरून. हल्ली रस्त्यावर तो चंदेरी, गुळगुळीत, पावाच्या लादीसारखा ट्रेलर दिसतो ना, तो याच घराण्यातला.

आता या पत्र्याबद्दल थोडं. तो नुसता झाकायला लावलेला नसतो. विमानात जशी कातडीच सांगाड्याबरोबर भार उचलते, तसंच इथे. आतल्या ॲल्युमिनियमच्या कमानी आणि बाहेरचा पत्रा मिळून एक नळा तयार होतो आणि तो नळा पिळवटत नाही. म्हणूनच हा पत्रा जेमतेम पाऊण-एक मिलिमीटर जाडीचा असूनही चालतो. पत्राही साधा नाही. ड्युरॅल्युमिन मजबूत असतं, पण ते खारं पाणी आणि दमट हवा सोसत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम हवापाणी सोसतं, पण मऊ. १९२७ च्या सुमारास अल्कोआ कंपनीच्या एडगर डिक्स यांनी मजबूत धातूच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला पत्रा काढला. त्याचं नाव अल्क्लॅड. आपल्या पितळेच्या भांड्याला जशी कल्हई, तसा हा प्रकार. फरक इतकाच की कल्हई पुन्हा लावता येते, हा थर एकदा घासून गेला की गेला. आरशासारखी चकाकी यावी म्हणून दरवर्षी पॉलिश मारणाऱ्या हौशी लोकांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

मग युद्ध आलं. ॲल्युमिनियम विमानांसाठी राखून ठेवलं गेलं, ट्रेलर बंद झाले आणि बायम स्वतः विमानाच्या कारखान्यांत कामाला गेला. त्या कारखान्यांत लाखो बायका रिव्हेट मारायला शिकल्या. पोस्टरवरची दंड दाखवणारी रोझी सगळ्यांना माहीत असते, पण ती एकटी काहीच करू शकली नसती. भरीव रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. बाहेर एक जण हवेच्या दाबावर चालणारी हातोडी डोक्यावर टेकवतो, आणि आत दुसरा पोलादाचा जड तुकडा शेपटाला दाबून धरतो. बाहेरून धडधड सुरू झाली की आतलं शेपूट त्या तुकड्यावर चेपून बटणासारखं पसरतं आणि दोन पत्रे जन्माचे जखडले जातात. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. मधे पत्रा असतो. त्यामुळे खुणा ठरलेल्या असतात, ठोक्यांच्या. युद्ध संपल्यावर एअरस्ट्रीम पुन्हा सुरू झाली, १९५२ मध्ये ओहायोत जॅक्सन सेंटरला तिचा कारखाना निघाला, आणि आजही तिथे ट्रेलरचं कवच दोन-दोन माणसंच जोडतात, एक आत, एक बाहेर.

जॅक्सन सेंटर आमच्या घरापासून तासाभरावर आहे. त्यामुळे या भागात जुने एअरस्ट्रीम बरेच. आमच्या शेजाऱ्यांकडे १९६४ चा, चोवीस फुटी. शेजारी सत्तरीच्या पलीकडचे, लेथवर काम करून निवृत्त झालेले. आमची मुलगी त्यांना आजोबा म्हणते आणि त्यांना ते आवडतं. तीन वर्षांपूर्वी वादळात मेपलची फांदी त्यांच्या ट्रेलरच्या कडेवर पडली. पत्रा दोन-अडीच फूट फाटला, शेजारच्या भागाला पोचे आले. विमा कंपनीनं हिशेब केला आणि सांगितलं, दुरुस्तीचा खर्च ट्रेलरच्या किमतीपेक्षा जास्त, तेव्हा पैसे घ्या आणि ट्रेलर भंगारात जाऊ द्या. आजोबांनी दोन दिवस विचार केला. थोडे कमी पैसे घेतले, ट्रेलर स्वतःकडेच ठेवला. त्यांच्या पत्नी जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं आणि त्या ट्रेलरमधून दोघांनी चाळीस राज्यं पाहिली होती, पण यातलं ते काही बोलले नाहीत. "पत्राच तर आहे," एवढंच म्हणाले. आणि मग, "तू बारीक आहेस, तू आत बैस."

म्हणून मी सलग पाच शनिवार आत बसलो.

मला आधी वाटलं होतं, पोचा आलाय तर ठोकून काढू. पुण्यात तांबट आळीत लहानपणी हंडे मठारताना पाहिलेले, त्यामुळे हातोडी आणि धातू हे समीकरण डोक्यात पक्कं. आजोबा हसले. मठारलेलं तांबं ठोक्यांनी घट्ट होतं, तेच तिथे हवं असतं. इथे फांदीनं पत्रा ताणलेला असतो, त्याचं क्षेत्रफळच वाढलेलं असतं. ते वाढलेलं जाणार कुठे? ठोकाल तिथून सरकून शेजारी फुगा येतो. बारीक पोचे तसेच ठेवायचे, मोठा असेल तर पत्राच बदलायचा.

बदलायचा म्हणजे आधी घर रिकामं करायचं. बाहेरच्या रिव्हेटचं शेपूट आत असतं, त्यामुळे कपाटं काढा, आतला पत्रा काढा, काचलोकर काढा (त्यात उंदरांच्या कितीतरी पिढ्या नांदून गेलेल्या). मग बाहेरून एकेका रिव्हेटच्या बरोबर मध्यावर खूण मारून फक्त डोकं ड्रिलनं उडवायचं आणि शेपूट आत पाडायचं. ड्रिल तिरकं गेलं तर भोक मोठं होतं आणि मग एक माप जाडा रिव्हेट लागतो. शिवण ओळीत असते, एक जाडा रिव्हेट लगेच दिसतो. दुसरी गोष्ट, हे पत्रे कौलांसारखे रचलेले असतात, वरचा खालच्यावर. पाणी आत जाऊ नये म्हणून. म्हणजे एक पत्रा बदलायचा तर वरच्या पत्र्याचीही शिवण उसवायची आणि नवा त्याच्या खाली सरकवायचा.

काढलेला जुना पत्रा टाकायचा नसतो. तोच नव्याचा साचा. आम्ही तो टेबलावर नव्या पत्र्यावर पसरला आणि भोकाबरहुकूम भोक पाडत गेलो. तो उलटा केला तेव्हा आतल्या अंगाला निळसर शाईत छापलेलं धातूचं नाव ओळीनं दिसत होतं आणि एका कडेला पेन्सिलीनं कोणीतरी लिहिलेला आकडा. १९६४ नंतर तो कोणी पाहिलेला नव्हता. नव्या पत्र्याला लाटण्याच्या दिशेनं बारीक रेघा असतात, त्याही शेजारच्या पत्र्याच्या रेघांशी जुळवून घ्याव्या लागतात, नाहीतर उन्हात तेवढाच तुकडा वेगळा चमकतो. मग कडांना चिकट सीलंट, दर चार-पाच भोकांत क्लेको (तांब्याच्या रंगाच्या स्प्रिंगवाल्या खिळ्या, पत्रा तात्पुरता धरून ठेवायला, शिंपी टाचण्या लावतो तसं), आणि मग धडधड. नगाऱ्याच्या आत बसून बाहेरून कोणीतरी वाजवावा तसा आवाज. कानांत बोळे घालूनही. माझा एक ठोका म्हणजे 'अजून', दोन म्हणजे 'झालं'. शेपूट फार चेपलं तर भेगाळतं, कमी चेपलं तर सैल राहतं. शेवटच्या शनिवारी पाण्याची नळी लावून तासभर शिवणीवर पाणी मारलं. आत मी टॉर्च घेऊन. कोरडं.

एकट्यानं काम करणाऱ्यांसाठी ऑलिम्पिक रिव्हेट मिळतात. बाहेरूनच ओढायचे, आत त्यांचे तीन पाय फाकतात, मग वरचं टोक तासून गोल करायचं. काम होतं. पण आजोबांना ते पसंत नव्हते. मागच्या गोलाईवरचा एक पोचा मात्र त्यांनी तसाच ठेवला. ती टोकं संत्र्याच्या सालीच्या फोडींसारख्या तुकड्यांची असतात आणि प्रत्येक फोड दोन दिशांनी वळलेली. तशी फोड सपाट पत्र्यातून घरी निघत नाही, ती साच्यावर ताणूनच काढावी लागते. जुन्या मॉडेलची हवी असेल तर लोक दुसरा मोडका ट्रेलर शोधतात.

हे सगळं वाचून वाटेल की अमेरिकेत सगळेच ट्रेलर असे. छे. युद्धानंतरचे बहुतेक स्वस्त ट्रेलर म्हणजे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यावर अगदी पातळ, पन्हळीचा, रंगवलेला पत्रा. त्या पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींत अडकवत खालून वर जातात, त्यामुळे तळाची पट्टी चेपली तर वरून सगळ्या सोडवत खाली यावं लागतं. पण त्या सुटतात, हे महत्त्वाचं. आणि सोडवल्यावर आत कुजलेलं लाकूड दिसतं. खरं दुखणं तेच असतं. कोपऱ्याच्या पट्टीखालचं पुटिंग सुकलं की पाणी शिरतं. पत्रा चकचकीत, आत भुसा.

त्यानंतर फायबरग्लास आलं. आज इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या आसपास देशातले बहुसंख्य ट्रेलर बनतात. त्यांतल्या बऱ्याच महागड्या मॉडेलांची भिंत म्हणजे बाहेर फायबरग्लास, मग प्लायवूडचा पातळ थर, मग थर्मोकोल आणि ॲल्युमिनियमच्या चौकटी, मग पुन्हा प्लाय, हे सगळं दाबून एकत्र चिकटवलेलं. एकच सलग भिंत, एक शिवण नाही. दिसायला देखणी, वजनाला हलकी, बांधायला झटपट. पण खिडकीच्या कडेनं पाणी शिरलं की प्लाय सुटा होतो आणि भिंतीवर फुगे येतात. कोणी भोकं पाडून आत राळ भरतं, वरून दाब देतं. कधी टिकतं, बहुधा नाही. नीट करायचं तर सगळी बाह्य कातडी एका तुकड्यात उतरवायची. खिडक्या, दारं, पट्ट्या सगळं काढून. तो खर्च ऐकला की मालक नवीन ट्रेलरच्या दुकानात जातो. यात कारखान्याचा दुष्टावा नाही. किंमत कमी हवी, वजन कमी हवं, असं गिऱ्हाइकांनीच मागितलं. तरी मला ही भिंत आवडत नाही. जिला शिवण नाही तिला उसवता येत नाही. आमच्या आईला विचारा, कपडा घेताना ती आधी आतली शिवण उलटून पाहते, दाब किती ठेवलाय म्हणून.

याच फायबरग्लासची दुसरी शाखाही आहे. होडीसारखं साच्यात ओतलेलं, वरचं-खालचं अशा दोन शिंपल्यांचं. कॅनडात विनिपेगला १९६८ मध्ये निघालेला बोलर त्यातल्या सुरुवातीच्यांपैकी. तो फुटला तर कापड आणि राळ लावून, तासून, नीट करता येतो. जुने बोलर अजून धावताना दिसतात. त्यांच्यावर वेगळं लिहायला हवं.

आजोबांचा नवा पत्रा अजून जास्त चमकतो. शेजारचे साठ वर्षांचे, तो तीन वर्षांचा. जुना पत्रा त्यांनी गॅरेजमध्ये गुंडाळून ठेवला आहे. त्यातून लहान-मोठे तुकडे कापून ते लोकांना ठिगळासाठी देतात. मागच्या महिन्यात गावातल्या एकाला दिला तेव्हा पेन्सिलीचा आकडा असलेली कड मात्र आधी कापून बाजूला ठेवली.