धीर, दम, सबुरी

लखनौच्या दक्षिणेस वाजिद अली शाहने आपल्या बेगमेसाठी उभारलेली आलमबाग २३ सप्टेंबर १८५७ रोजी हॅवलॉकच्या फौजेने जिंकली. दोन महिन्यांनी निवर्तलेल्या हॅवलॉकला तेथेच पुरले. १९४७ नंतर पंजाब-सिंधमधून उखडलेली कुटुंबे या भागात स्थिरावली. भाषांची अशी पुटे जेथे चढली आहेत, तेथे संतापलेल्या माणसाची समजूत प्रत्येक भाषा कशी घालते, हे मराठी अभ्यासकाने ताडून पाहण्याजोगे आहे.

लखनवी उर्दू ‘गुस्सा थूक दीजिए’ अशी अदबीने विनवणी करते. पंजाबीला ‘ठंड रख’ एवढे दोन शब्द पुरतात. इंग्रजीतील ‘होल्ड युवर हॉर्सेस’, ‘कीप युवर शर्ट ऑन’ हे बोलीतले प्रयोग एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुळले. पहिल्यामागे घोडे आवरणारा गाडीवान आहे. दुसऱ्यामागे हाणामारीपूर्वी सदरा उतरवणारा गडी आहे, असे सांगतात. आपल्याकडे तोच गडी बाह्या सरसावतो. परंतु लखनौकर जो राग थुंकावयास सांगतो, तो मराठी माणूस ‘गिळतो’, हा भेद मला अधिक बोलका वाटतो. थुंकलेला राग संपतो; गिळलेला पोटात राहतो.

‘दमाने घे’ यातील दम हा फारसी श्वास. ‘सबुरी’ अरबी ‘सब्र’पासून फारसीमार्गे आली, म्हणजे लखनौचा आणि शिर्डीचा संयम एकाच मुळाचा. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने दरबारातील यावनी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. माजघरातील दम आणि सबुरी मात्र हलल्या नाहीत. धीर देताना माणसे कोशाकडे पाहत नाहीत. तान्ह्याला थोपटताना म्हटलेले ‘उगी उगी’ तर जुन्या मराठीतील ‘उगा’, म्हणजे निःशब्द, याच्याशी नाते सांगते. त्याच ‘उगी’चे ‘उगीच’ झाले आणि अर्थ ‘विनाकारण’ असा पालटला.

येथे खरा प्रश्न उद्भवतो. शांत हो, असे कोणी कोणास म्हणावे? वडीलधाऱ्याने धाकट्यास, साहेबाने शिपायास, नवऱ्याने बायकोस, हा आपला रूढ क्रम. त्यात समजूत कमी आणि दटावणी अधिक. रागाचे कारण न ऐकताच राग अस्थानी ठरवण्याची ती युक्ती होते. ताटीच्या अभंगांत हा क्रम उलटला आहे. परंपरेनुसार लोकनिंदेने व्यथित होऊन ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली आणि धाकटी बहीण मुक्ताबाई बाहेरून त्यांना आळवू लागली. ती अपमान नाकारत नाही, दार ढकलत नाही. भावाला त्याच्याच थोरवीची आठवण देते. वयाने धाकटी, पण अधिकार तिचा. मराठीतील समजुतीचा याहून थोर नमुना मला ठाऊक नाही.

अलीकडे तरुण मंडळी ‘चिल’ म्हणतात. शुद्धतेच्या मुद्द्यावर मी त्यांच्याशी भांडणार नाही. फारसी दम पचवलेल्या भाषेला तो अधिकार नाही. ‘चिल’ लेकीने आईस म्हणावे वा मित्राने मित्रास, त्यात मानाची उतरंड नाही, ही जमेची बाजू. उणे एवढेच की तो शब्द टाकून बोलणारा पुढे निघून जातो. ‘दमाने घे, काय झाले ते सांग’ म्हणणाऱ्याला ऐकून घेण्यासाठी शेजारी बसावे लागते.